लस टोचल्यानंतरचे तीन आठवडे

धारा काढून झाल्या असतील, चूल पेटली असेल, तर रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. आज आम्ही पशुसखी बोलायला आलो आहोत, आणि विषय आहे लम्पीचा. "परत लम्पी?" असं म्हणू नका. लम्पीची लक्षणं, गोठ्यातला धूर, फवारणी हे सगळं तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. आज आम्हांला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. तो प्रश्न आम्हांला धुळ्याकडे साक्रीपासून ते इकडे रावेर-यावलपर्यंत जवळजवळ प्रत्येक बैठकीत विचारला गेला. एका मावशीने तो अहिराणीत विचारला: "लस दिधी, तरी गाय मांदी पडनी. मंग लस दिधी कसाले?"

प्रश्न चुकीचा नाही. चूक आमची होती, की तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं.

2022 चा तो पावसाळा आठवा. त्या वर्षी महाराष्ट्रात लम्पीची पहिली नोंद आपल्याच जळगाव जिल्ह्यात झाली, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, 4 ऑगस्टला. मग एकेक गाव लागत गेलं. पोळा तोंडावर होता. बैलांच्या शिंगांना रंग आणून ठेवलेले, आणि गुरं एकत्र आणू नका असा निरोप आला. गुरांचे बाजार बंद झाले. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन गल्लीगल्ली फिरायला लागले आणि त्यांच्यासोबत आम्ही, घरोघरी जाऊन बायांना गोठ्याचं दार उघडायला सांगत.

आमच्या गटातल्या एका बहिणीची गाय होती. नाव सांगत नाही, तिने सांगू नका म्हटलंय. गटाच्या कर्जावर घेतलेली गाय, दुसऱ्या वेताची, दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध द्यायची. हप्ता डेअरीच्या पैशांतून जायचा. ती लशीला घाबरत होती. आम्ही तिच्या ओट्यावर बसून तिला समजावलं आणि एक वाक्य बोललो. ते वाक्य आम्ही आजही विसरलेलो नाही. आम्ही म्हणालो, "लस घे म्हणजे सुटलीस."

सहाव्या दिवशी गाईला ताप भरला. आठव्या दिवशी मानेवर, पाठीवर गाठी आल्या. पाय सुजले, चारा सुटला, आणि विसाव्या दिवशी गाय गेली.

ती आमच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलं होतं." दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतल्या चार घरांनी लस टोचायला आलेल्या डॉक्टरांना परत पाठवलं. लशीनेच गाय मारली, असं बोललं जाऊ लागलं. त्या चार घरांत मिळून नऊ गुरं होती.

तेव्हा आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे जाऊन बसलो. एकदा नाही, तीन-चारदा. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हे, की त्या वर्षी आपल्याकडे टोचलेली लस लम्पीची नव्हतीच. ती शेळ्यांच्या देवीची लस होती. ऐकून आम्हीही चमकलो होतो. पण यात फसवणूक काही नाही. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि गाईचा लम्पी, हे तिन्ही विषाणू एकाच घरातले, सख्ख्या मावसबहिणी म्हणा ना. एकीचा चेहरा ओळखला की दुसरीचाही बऱ्यापैकी ओळखू येतो. म्हणून शेळीची लस गाईला चालते. ही युक्ती आजची नाही. इंग्लंडमध्ये गुरांच्या कासेवर फोड येत, आणि धारा काढणाऱ्या बायांच्या हातांवरही ते उठत. अशा बायांना माणसांची देवी होत नाही, हे तिथल्या खेड्यांत ठाऊक होतं. जेन्नर नावाच्या डॉक्टरने 1796 साली एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव एका पोराला टोचला, आणि तिथून लस जगभर गेली. सहा वर्षांनी, 1802 च्या जूनमध्ये, आपल्या मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली. म्हणजे गाईने माणसाला वाचवलं, आणि आता शेळीची लस गाईला वाचवते आहे. धारा काढणाऱ्या बाईच्या हातावरून हे सगळं सुरू झालं, हे मात्र आम्हांला फार आवडलं.

आता यातून त्या बहिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. तिच्या गाईला टोचलेल्या बाटलीत लम्पीचा विषाणूच नव्हता. ज्या बाटलीत लम्पी नाही, तिच्यातून लम्पी होणार कुठून?

मग गाय आजारी का पडली?

लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत साधारण 4 ते 14 दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस गाय धडधाकट दिसते, दूध देते, रवंथ करते. सहाव्या दिवशी ताप आला, याचा अर्थ लशीची सुई लागली तेव्हा रोग बहुतेक आधीच आत येऊन बसला होता, नाहीतर त्याच दोन दिवसांत माशीने आणला होता. आणि लस? तिचं काम अजून सुरूच व्हायचं होतं.

हे काम कसं चालतं ते बघू या. तुमच्या गल्लीत रात्री अनोळखी माणूस शिरला, तर आधी काय होतं? कुत्री भुंकतात. कुत्री कुणावरही भुंकतात, चोर असो की पाहुणा. अंगातही तसंच असतं. बाहेरचं काहीही आलं की आधी ही भुंकणारी फौज धावते. ताप येतो, थोडी सूज येते. लस टोचल्यावर एक-दोन दिवस गाय मलूल होते, टोचलेल्या जागी गुठळी येते, ती यामुळेच. ते वाईट लक्षण नाही. सुई लागल्याची खबर पोचली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पण नुसत्या भुंकण्याने चोर पकडला जात नाही. त्याचा चेहरा ओळखणारी माणसं तयार व्हायला लागतात. गाईच्या अंगात अशा पेशी मुळात अगदी थोड्या असतात. त्या जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. याला आठवडा-दहा दिवस जातात. मग दोन प्रकारची राखण उभी राहते. एक रक्तातली, जिला प्रतिपिंडं म्हणतात. ती वाटेवरच विषाणूला धरते, त्याला घरात शिरू देत नाही. दुसरी राखण पेशींची. विषाणू एखाद्या पेशीत घुसून आतून कडी लावून बसला, की ही राखण ती पेशीच मोडून काढते. लम्पीमध्ये ही दुसरी राखण फार महत्त्वाची. म्हणूनच एक गंमत होते. लस दिलेल्या काही गाईंचं रक्त तपासलं तर त्यात प्रतिपिंडं फारशी सापडत नाहीत, आणि तरीही ती गाय रोगापुढे टिकते. रक्त तपासणीत वाटेवरचे राखणदार मोजले जातात, घरोघर फिरणारे मोजले जात नाहीत.

या दोन्ही फौजा पुरत्या तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. आम्ही त्या बहिणीला हेच सांगितलं नव्हतं.

हे सगळं कुणी डोळ्यांनी पाहिलंय का, असं आम्ही डॉक्टरांना विचारलं. बाया विचारणारच, म्हणून आधीच विचारून ठेवलं. त्यांनी हरियाणातल्या हिसारची गोष्ट सांगितली.

भारतात लम्पी पहिल्यांदा आला 2019 मध्ये, ओडिशात. त्याच वर्षी झारखंडात रांचीच्या आजारी गुरांतून हा विषाणू वेगळा काढला गेला आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पोचला. हो, घोड्यांचं संशोधन करणारं केंद्र. गाईची लस घोडेवाल्यांनी बनवली, यावर आमच्या बैठकीत बरंच हसू झालं. त्यांच्यासोबत इज्जतनगरची पशुवैद्यकीय संशोधन संस्था होती. त्यांनी काय केलं, तर हा विषाणू गाईत न वाढवता प्रयोगशाळेतल्या माकडाच्या पेशींमध्ये वाढवला. एकदा वाढवला, त्यातून काढून परत नव्या पेशींत, परत नव्या पेशींत, असा पन्नास वेळा. आपल्याकडची पोर सुरतेला दिली की दहा-वीस वर्षांत गुजराती बोलायला लागते, आणि तिच्या नातवंडांना अहिराणी समजतसुद्धा नाही, तसं त्या विषाणूचं झालं. पन्नास पिढ्या माकडाच्या पेशींत राहून तो गाईला आजारी कसं पाडायचं ते विसरला. चेहरा मात्र तोच राहिला. राखणदारांना ओळख पटायला चेहराच तर लागतो.

मग परीक्षा. दहा वासरांना ही लस टोचली. काही त्रास होतो का ते पाहिलं, नाही झाला. तीस दिवसांनी पाहिलं तर दोन्ही राखणी तयार होत्या, रक्तातली आणि पेशींचीही. आणि मग लस दिलेल्या वासरांना खरा, जोरकस लम्पीचा विषाणू मुद्दाम टोचला. त्यांना रोग झाला नाही.

हे ऐकताना आमच्यातली एक जण गप्प झाली होती. ती म्हणाली, "वासराला हाताने रोग टोचायचा, जीव धजावत नाही." आमचाही धजावत नाही. अशा परीक्षेत लस न दिलेली जनावरंही ठेवावी लागतात, नाहीतर लशीने वाचली की नशिबाने, हे कळणार कसं? त्या जनावरांच्या वाट्याला रोग येतो. त्या थोड्या जनावरांवर पाहिल्याशिवाय लाखो गुरांना सुई लावणं बरोबर झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आम्हांला ते पटलं. पण त्या वासरांची आठवण राहावी म्हणून हेही तुम्हांला सांगितलं.

वासरांच्या परीक्षेनंतर ती लस गावोगावच्या गोठ्यांत 26,940 जनावरांना देऊन पाहिली. आपल्या बाया ज्याला घाबरतात ते सगळं त्यात तपासलं होतं. लशीमुळे अंगावर बारीक गाठी उठल्या अशी जनावरं निघाली पाच. सव्वीस हजारांवर जनावरांत पाच. दुभत्या गाई 10,108 होत्या, त्यांच्या दुधात लक्षात येण्यासारखी घट झाली नाही. गाभण 2,889 होत्या, एकीचाही गर्भ पडला नाही. "गाभण गाईला सुई नको" म्हणणाऱ्या सासूबाई घरात असतील तर हे त्यांना ऐकवा. गाय कितव्या महिन्यात आहे ते मात्र टोचण्याआधी डॉक्टरांना न विसरता सांगा.

आणि त्यात आणखी एक आकडा आहे, जो आम्हांला त्या वर्षी माहीत असायला हवा होता. तीस दिवसांनी गोठ्यांमधल्या जनावरांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रतिपिंडं दिसली 85.18 टक्के जनावरांत. म्हणजे शंभरातल्या पंधरा जणींत दिसली नाहीत. त्यातल्या काहींना पेशींच्या राखणीने वाचवलं असेलही, पण सगळ्यांनाच वाचवलं असेल असं कुणी सांगू शकत नाही. हे झालं खुद्द लम्पीपासून बनवलेल्या लशीचं. शेळ्यांच्या देवीची लस तर मावसबहिणीच्या ओळखीवर चालते, ती ओळख थोडी कच्चीच असणार. तेव्हा "लस घे म्हणजे सुटलीस" हे वाक्य कुठल्याच लशीला लागू पडत नाही. लस दिलेल्या काही गाई आजारी पडतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना गाठी कमी येतात, ताप लवकर उतरतो, त्या उठून चाऱ्याला लागतात.

योगायोग बघा. चिनावलला लम्पी सापडला 4 ऑगस्टला, आणि हिसारच्या या लशीची घोषणा दिल्लीत झाली 10 ऑगस्टला. सहा दिवसांचं अंतर. पण घोषणा झाली म्हणून बाटल्या लगेच गावात येत नाहीत. कोट्यवधी मात्रा बनवायला कारखाना लागतो. आपल्या राज्यात पुण्याला औंधमध्ये सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिला ही लस बनवता यावी म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला करार झाला. महाराष्ट्रात गोवंश आहे सुमारे 1 कोटी 40 लाख. तेवढ्यांना त्या पावसाळ्यात जी हाताशी होती ती शेळ्यांच्या देवीचीच लस मिळाली, आणि ती फुकट मिळाली.

आता आपल्या हातातलं बोलू. तीन आठवडे.

लस टोचली त्या दिवसापासून तीन आठवडे गाय उघडीच आहे असं धरून चाला. लम्पी मुख्यतः चावणारी माशी, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यात माश्या-डासांना तोटा नसतो, हे तुम्हांला आम्ही काय सांगणार. शेण गोठ्याजवळ साचू देऊ नका. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. जुनी मच्छरदाणी असली तर ती वासरावर टाका. या तीन आठवड्यांत नवीन जनावर विकत आणू नका, आपलं बाजारात नेऊ नका, दुसऱ्याच्या बैलजोडीसोबत पाण्यावर सोडू नका. आणि ज्या गाईला आधीच ताप आहे, तिला लस टोचून घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

लस टोचणाऱ्याकडे दोन गोष्टी बघायच्या. लाजू नका, गाय आपली आहे. लशीची बाटली बर्फात आहे का? ती जिवंत लस असते, उन्हात राहिली की मरते, आणि मेलेली लस टोचली तर गाईला नुसती सुई बोचते. एकदा पाण्यात कालवलेली लस काही तासांतच संपवायची असते, उद्यासाठी ठेवायची नसते. दुसरं, प्रत्येक जनावराला सुई नवी आहे का? एकच सुई दहा गाईंना लावली तर आपणच माशीचं काम केलं. सुई बदलायला सांगितली म्हणून आमच्यावर लोक वैतागले आहेत. वैतागू द्या.

वासरांचं मात्र वेगळं, आणि त्यासाठी आम्हांला तुमच्याशी जरा भांडायचंय. वासराच्या अंगात जन्मताना राखणदार जवळजवळ नसतात. त्याची आई ते चिकातून देते. लस दिलेली गाय व्याली की तिच्या चिकात लम्पी ओळखणारी प्रतिपिंडंही असतात. पण वासराच्या आतड्याची दारं त्यासाठी फक्त पहिला दिवस उघडी असतात, आणि तीही तासागणिक मिटत जातात. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला तर सगळ्यात चांगलं. आणि आपण काय करतो? वार पडली नाही म्हणून वासराला लावत नाही. तोवर शेजारून भांडं येतं, खरवसासाठी. खरवस आम्हांलाही आवडतो. वासराचं पोट भरल्यावर उरेल त्याचा करा, वेलदोडा घालून करा. पहिली धार मात्र वासराची.

आईकडून आलेली ही राखण काही महिने टिकते, मग ओसरते. ती असताना लस टोचली तर आईचे राखणदार लशीलाच धरून संपवतात आणि वासराचं स्वतःचं काही तयार होत नाही. म्हणून लस दिलेल्या गाईच्या वासराला साधारण चार महिन्यांनंतर टोचतात. नेमकं कधी, ते आई कधी टोचली होती यावर ठरतं. 2023 मध्ये लम्पी परत आला तेव्हा आमच्या भागात वासरं जास्त सापडली. मोठ्या गाईंना लस झाली होती. वासरांचं वय मोजायचं मात्र बऱ्याच घरांत राहून गेलं होतं.

थोडक्यात विचारले जाणारे प्रश्न. लम्पी माणसाला होतो का? नाही. दूध प्यावं का? उकळून प्यावं, नेहमीसारखं. लस दरवर्षी का? ओळख जुनी झाली की राखण ढिली पडते म्हणून. अँटिबायोटिकने लम्पी बरा होतो का? विषाणूवर ते चालत नाही. जखमा चिघळल्या तर डॉक्टर देतात, आपल्या मनाने देऊ नका.

आणि नुकसानभरपाई. 2022 मध्ये शासनाने लम्पीने गेलेल्या दुभत्या गाईला 30,000, ओढकामाच्या बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये ठरवले होते. त्यासाठी जनावर आजारी पडताच दवाखान्यात कळवणं आणि गेल्यावर पंचनामा होणं लागतं. त्या बहिणीला पैसे मिळाले. गाय सत्तर हजारांची होती. उरलेलं कर्ज फेडायला गटाने तिला मुदत वाढवून दिली, आणि तो ठराव बैठकीत कुणालाही समजवावा लागला नाही.

ती वर्षभर आमच्याशी फारशी बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने एक कालवड घेतली. पावसाळ्याच्या आधी तिचाच फोन आला, लस कधी येणार म्हणून. आम्ही गेलो, डॉक्टर आले, सुई नवी होती, डबा बर्फाने भरलेला होता. टोचून झाल्यावर तिने चुलीतला कोळसा आणला आणि गोठ्याच्या भिंतीवर तारीख लिहिली. मग बोटांवर एकवीस दिवस मोजले आणि तिथपर्यंतची दुसरी तारीख तिच्या खाली लिहिली. आम्ही निघालो तेव्हा ती मच्छरदाणीचं टोक खुंटीला बांधत होती. "चहा ठेवलाय, थांबा," म्हणाली.